जुना लॅपटॉप, नवीन लिनक्स: एंटर दाबण्याआधी



(बोललेल्या भागाचं हे लिखित रूप आहे. कमांड नुसत्या ऐकून लिहिता येत नाहीत अशी तक्रार होती, म्हणून इथे त्यांची अक्षरं सुटी करून दिली आहेत. ‘एल-एस’ असं लिहिलं असेल तर कीबोर्डवर इंग्रजी एल आणि एस दाबायचं. दोन्ही स्मॉल, मधे रेघ नाही.)

१४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा सपोर्ट थांबवला. २०१५ च्या जुलैमध्ये ते आलं होतं, म्हणजे दहा वर्षं झाली. ज्यांनी नाव नोंदवलं त्यांना ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षा अपडेट मिळतात, पण ती नुसती मुदतवाढ. आणि विंडोज ११ टाकायला गेलात तर ते आधी चौकशी करतं: टीपीएम २.० आहे का? प्रोसेसर इंटेलचा असेल तर आठव्या पिढीचा किंवा पुढचा आहे का? नसेल तर दारातूनच परत.

आता आपल्याकडे घरोघरी काय असतं बघा. ताईच्या इंजिनिअरिंगला घेतलेला लॅपटॉप. सहाव्या पिढीचा आय-थ्री, ४ जीबी रॅम, बॅटरी जेमतेम पाऊण तास. तो आता धाकट्याकडे आलाय. त्यावरच महाडीबीटीचा स्कॉलरशिपचा फॉर्म भरायचा, त्यावरच बाबांचं नेटबँकिंग, आणि आईच्या बचत गटाचा हिशेबही त्यातच. मशीन अजून चालतंय, पण त्याच्या दाराचं कुलूप दुरुस्त करणारा माणूस रिटायर झालाय. सपोर्ट संपणं म्हणजे एवढंच. लॅपटॉप उद्या बंद पडणार नाही, पण नवीन भोक सापडलं तर बुजवायला कोणी येणार नाही.

मग लोक काय करतात? कोपऱ्यावरच्या दुकानात जातात. तिथे चारपाचशे रुपयांत ‘विंडोज मारून’ मिळतं. आधी अँटीव्हायरस बंद करायचा, मग कुठून तरी आणलेला ॲक्टिव्हेटर चालवायचा. म्हणजे ज्या मशीनवर बाबांचा बँकेचा पासवर्ड टाईप होतो, त्याच्यात अनोळखी माणसाचा प्रोग्राम आपण स्वतः पूर्ण अधिकार देऊन बसवतो. मला हा सगळ्यात महाग पर्याय वाटतो. दुसरा पर्याय नवा लॅपटॉप. पैसे असतील तर जरूर घ्या, मी काही तत्त्वज्ञान सांगायला बसलेलो नाही. तिसऱ्या पर्यायावर आजचा भाग आहे: त्याच मशीनवर लिनक्स.

थोडी पार्श्वभूमी. १९६९ मध्ये अमेरिकेत बेल लॅब्जमध्ये केन थॉम्प्सन, डेनिस रिची आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी युनिक्स सुरू केलं. १९९१ मध्ये लिनस टॉरवल्ड्स नावाच्या हेलसिंकीच्या २१ वर्षांच्या विद्यार्थ्याने स्वतःच्या पीसीसाठी एक कर्नल लिहायला घेतला, तो लिनक्स. रिचर्ड स्टॉलमनच्या ग्नू प्रकल्पातली बरीचशी साधनं आधीच तयार होती, ती त्याच्याभोवती जमली. लिनक्समध्ये मूळ युनिक्सचा कोड नाही, पण वागण्याची पद्धत तीच. म्हणून ‘युनिक्ससारखी’ सिस्टिम म्हणतात. आणि ही परकी गोष्ट नाहीये. तुम्ही हा भाग अँड्रॉइड फोनवर ऐकत असाल तर खाली लिनक्सचाच कर्नल पळतोय.

आमच्या कॉलेजात युनिक्सच्या कमांड जर्नलमध्ये हाताने लिहून घ्यायचे. समास सोडून, निळ्या पेनने. (हसतो) त्यामुळे पोरांना वाटतं लिनक्स म्हणजे पाठांतर. तसं नाहीये. सवय बदलावी लागते, पण पाठ फार थोडं करावं लागतं.

कुठलं लिनक्स घ्यायचं? यावर लोक भांडतात, तुम्ही पडू नका त्यात. डिस्ट्रो म्हणजे मिसळ. मटकी सगळीकडे तीच, तर्री आणि फरसाण गावागावाचं वेगळं. कर्नल तोच, वरचा डेस्कटॉप आणि सॉफ्टवेअरची मांडणी वेगळी. ४ जीबी रॅमच्या मशीनला मी लिनक्स मिंटची एक्सएफसीई आवृत्ती सांगेन. मिंट २२ हे उबुंटू २४.०४ वर उभं आहे आणि त्याला २०२९ पर्यंत अपडेट मिळणार आहेत. मशीन ८ जीबीचं असेल तर सिनॅमन घ्या, दिसायला छान आहे. आणि लॅपटॉपमध्ये जुनी फिरणारी हार्ड डिस्क असेल तर आधी एसएसडी बसवा. डिस्ट्रो बदलून जेवढा फरक पडेल त्याच्या कितीतरी पट त्याने पडेल.

आता मुख्य मुद्दा. इन्स्टॉल करायच्या आधी नुसतं चालवून बघता येतं. ही सोय लोकांना माहीत नसते आणि मग घाबरतात. ८ जीबीचा पेनड्राइव्ह घ्यायचा, मिंटच्या साइटवरून सुमारे ३ जीबीची आयएसओ फाईल उतरवायची, आणि रुफस किंवा बलेना एचर वापरून ती पेनड्राइव्हवर लिहायची. नुसती कॉपी-पेस्ट करून चालत नाही, आणि पेनड्राइव्हवर आधी जे असेल ते पुसलं जातं, हे लक्षात असू द्या. मग लॅपटॉप सुरू करताना एफ-१२, एफ-२ किंवा एस्केप, तुमच्या कंपनीचं जे बटण असेल ते दाबून पेनड्राइव्हवरून बूट करायचं. पूर्ण डेस्कटॉप उघडतो. हार्ड डिस्कला हात लागलेला नसतो. आवाज येतोय का, वायफाय दिसतंय का, कॅमेरा चालतोय का, बाबांच्या बँकेची साइट उघडतेय का, प्रिंटर सापडतोय का, सगळं इथेच तपासा. नाही आवडलं तर पेनड्राइव्ह काढा, रिस्टार्ट करा, विंडोज जसंच्या तसं.

वायफाय दिसलं नाही तर निराश होऊ नका. काही वायफाय चिप्सचा ड्रायव्हर वेगळा उतरवावा लागतो, आणि तो उतरवायला इंटरनेट लागतं. म्हणजे चावी कपाटात आणि कपाटाला कुलूप. उपाय तुमच्या खिशात आहे: फोन केबलने जोडा आणि यूएसबी टेदरिंग चालू करा. बहुतेक वेळा लगेच नेट येतं. मग मिंटचा ड्रायव्हर मॅनेजर उघडायचा.

एक छोटी गोष्ट, आयएसओ उतरवल्यावर तिचा चेकसम जुळतो का ते बघा. हा शिष्टाचार नाही, कारण आहे. २०१६ च्या फेब्रुवारीत मिंटचीच वेबसाइट हॅक झाली होती आणि काही काळ लोकांना मागचं दार उघडं असलेली आयएसओ मिळत होती. आकडा नुसता जुळून भागत नाही, कारण साइट हॅक झाली तर आकडाही बदलता येतो. म्हणून सोबत डिजिटल सहीसुद्धा असते. ती तपासायची रीत मिंटच्या साइटवर पायरी-पायरीने दिलीये. दहा मिनिटांचं काम आहे, करा.

इन्स्टॉल करताना एक स्क्रीन येते, तिथे थांबायचं. चहा प्यायचा. ‘डिस्क पुसून इन्स्टॉल करा’ आणि ‘विंडोजच्या शेजारी इन्स्टॉल करा’ असे दोन पर्याय असतात. पहिला निवडला की सगळं जातं. म्हणून त्याआधी फोटो, मार्कशीटचे पीडीएफ, बचत गटाची एक्सेल फाईल, सगळं बाहेरच्या डिस्कवर. त्याच लॅपटॉपच्या ‘डी’ ड्राइव्हवर ठेवलेला बॅकअप हा बॅकअप नसतो, कारण ‘सी’ आणि ‘डी’ बहुतेक वेळा एकाच डिस्कचे दोन कप्पे असतात. आणि कॉपी केल्यावर दुसऱ्या कॉम्प्युटरवर चारदोन फाईली उघडून बघा.

शेजारी-शेजारी ठेवणार असाल, म्हणजे ड्युअल बूट, तर विंडोजमध्ये असतानाच तीन कामं उरका. पहिलं, डिस्क बिटलॉकरने एन्क्रिप्ट केलेली आहे का बघा. असेल तर तिची ४८ आकडी रिकव्हरी की कागदावर लिहून घ्या. बूटच्या सेटिंगमध्ये हात घातला की विंडोज ती मागू शकतं, आणि ती नसेल तर तुमचा डेटा तुमच्याच लॅपटॉपमध्ये, तुमच्या डोळ्यांसमोर, कायमचा बंद. दुसरं, फास्ट स्टार्टअप बंद करा. ते चालू असेल तर विंडोज पूर्ण बंद होतच नाही, अर्धवट झोपतं, आणि लिनक्समधून त्या ड्राइव्हवर काही लिहिता येत नाही. तिसरं, जागा मोकळी करा. मिंट २० जीबीतही बसतं, पण सुखाने राहायचं तर १०० जीबी द्या.

आणि नंतर कधी विंडोजमध्ये गेल्यावर घड्याळ बरोबर साडेपाच तास मागे दिसलं तर घाबरू नका. मशीन बिघडलेलं नाही. मदरबोर्डवरच्या घड्याळात विंडोज आपली भारतीय वेळ ठेवतं, आणि लिनक्स तिथे जागतिक वेळ म्हणजे यूटीसी ठेवतं. दोघांच्या भांडणात बरोबर ५ तास ३० मिनिटं सापडतात. लिनक्सला टाइमडेटसीटीएल वापरून स्थानिक वेळ पाळायला सांगता येतं.

बरं, झालं इन्स्टॉल. आता आत आलात. पहिला गोंधळ: ‘सी ड्राइव्ह कुठाय?’ नाहीये. इथे एकच झाड आहे, त्याच्या मुळाला रूट म्हणतात आणि ते एका तिरक्या रेघेने, स्लॅशने दाखवतात. बाकी सगळं त्याला लटकलेलं. तुमची खोली म्हणजे होमच्या आतलं तुमच्या नावाचं फोल्डर. पेनड्राइव्ह लावला तर तोही याच झाडावर, मीडिया नावाच्या फांदीवर उगवतो. सिस्टिमच्या सेटिंग्ज ई-टी-सी नावाच्या फोल्डरमध्ये, बहुतेक साध्या मजकुराच्या फाईली, वाचता येतील अशा. आणि इथे मोठ्या आणि लहान लिपीत फरक पडतो. कॅपिटल पी वाला ‘फोटो’ आणि स्मॉल पी वाला ‘फोटो’ ही दोन वेगळी फोल्डरं.

दुसरा गोंधळ परवानगीचा, आणि इथे मला जरा रेंगाळायचंय. सोसायटीत तुम्ही तुमच्या फ्लॅटमध्ये भिंतीला जांभळा रंग द्या, कोणी विचारणार नाही. पण गच्चीवरच्या टाकीचा व्हॉल्व्ह फिरवायचा असेल तर सेक्रेटरीकडून किल्ली आणावी लागते. लिनक्समध्ये तुमचं होम फोल्डर म्हणजे तुमचा फ्लॅट. बाकीची इमारत रूट नावाच्या खास वापरकर्त्याची. (हो, झाडाचं मूळही रूट आणि हा सेक्रेटरीही रूट. नावं ठेवण्यात ही मंडळी कंजूष होती.) ‘सुडो’ म्हणजे तेवढ्या एका कामापुरती सेक्रेटरीची किल्ली. गंमत अशी की तुमच्या लॅपटॉपवर सेक्रेटरीही तुम्हीच आहात. पासवर्ड तुमचाच विचारला जातो. म्हणजे तुम्ही हो म्हणालात तर अडवणारं वर कोणी नाही.

पासवर्ड टाईप करताना बऱ्याच डिस्ट्रोंमध्ये स्क्रीनवर काहीच उमटत नाही, ठिपकेसुद्धा नाहीत. कीबोर्ड बिघडलाय असं समजू नका. टाईप करा, एंटर दाबा.

मग सुडो कधी वापरायचं? सॉफ्टवेअर टाकताना, अपडेट करताना, सिस्टिमची सेटिंग बदलताना. आणि कधी नाही? ‘परमिशन डिनाइड’ दिसलं की लगेच समोर सुडो चिकटवायची सवय लागते लोकांना, ती लावून घेऊ नका. परवानगी का नाकारली, हा आधी प्रश्न. बरेचदा तुम्ही भलत्याच फोल्डरमध्ये उभे असता, एवढंच.

म्हणून टर्मिनल उघडलं की मी नवख्यांना तीन कमांड सांगतो. ‘व्हू-ॲम-आय’, सलग, स्पेस न देता: मी कोण आहे. ‘पी-डब्ल्यू-डी’: मी कुठे आहे. (सार्वजनिक बांधकाम खातं नव्हे, आणि हे उत्तर लगेच देतं.) आणि ‘एल-एस’: माझ्यासमोर काय काय आहे. या तिघींनी काहीच बदलत नाही, काही बिघडत नाही, हजार वेळा चालवा. जागा बदलायची तर ‘सी-डी’, स्पेस, फोल्डरचं नाव. नाव पूर्ण टाईप करू नका, दोन अक्षरं लिहून टॅब दाबा, ते पुरं करेल. वरचा बाण दाबला की मागची कमांड परत येते. चालू असलेलं काही थांबवायचं तर कंट्रोल-सी. त्यामुळे इथे कॉपी करायला कंट्रोल-शिफ्ट-सी वापरतात. कमांडची नावं इतकी तुटक का? तेव्हा टाइपरायटरसारखी टेलिटाइप मशीनं वापरायचे, बटणं जड आणि छपाई संथ. प्रत्येक अक्षर वाचवणं परवडायचं.

आता धोक्याचं बोलू. ‘आर-एम’ फाईल पुसते. रिसायकल बिनमध्ये टाकत नाही, पुसते. समजा ‘फोटो’ने सुरू होणाऱ्या सगळ्या फाईली काढायच्यात, तर फोटो लिहून त्याला चिकटून तारा, म्हणजे स्टारचं चिन्ह. आता फोटो आणि ताऱ्याच्या मधे चुकून एक स्पेस पडली, तर अर्थ होतो: फोटो नावाची फाईल पुस, आणि इथली सगळी पुस. एका स्पेसचा फरक. रूटवरच थेट आर-एम चालवायला गेलात तर आजकालचं आर-एम नकार देतं, पण तुमच्या होम फोल्डरसाठी असा दयाळूपणा नाही. म्हणून आधी तोच नमुना ‘एल-एस’ला द्या. कुठल्या फाईली दिसतात ते वाचा. मगच आर-एम. सुरुवातीला तर फाईली पुसायचं काम माऊसने फाईल मॅनेजरमधूनच करा, तिथे कचरापेटी असते. टर्मिनल वापरलं म्हणून कोणी जास्त हुशार ठरत नाही.

आणि इंटरनेटवरून किंवा चॅटबॉटकडून मिळालेली कमांड. त्यात सुडो असेल तर एंटरच्या आधी प्रत्येक शब्द काय करतो हे समजून घ्या. ‘एम-ए-एन’, स्पेस, कमांडचं नाव, असं लिहिलं की तिची माहितीपुस्तिका उघडते. बाहेर यायला क्यू. ‘ही ओळ पेस्ट करा, सगळं आपोआप होईल’ असं म्हणणारी, नेटवरून स्क्रिप्ट उतरवून थेट सुडोने चालवणारी ओळ म्हणजे तोच कोपऱ्यावरचा ॲक्टिव्हेटर, वेष बदलून.

सॉफ्टवेअर मग कुठून घ्यायचं? विंडोजसारखं साइटवर जाऊन सेटअप फाईल शोधायची नसते. प्ले स्टोअर माहितीये ना, तसं प्रत्येक डिस्ट्रोचं एक मोठं कोठार असतं, तिथले पॅकेज सही करून ठेवलेले असतात. मिंटमध्ये सॉफ्टवेअर मॅनेजर आहे. टर्मिनलमधून ‘सुडो ए-पी-टी अपडेट’ आणि मग ‘सुडो ए-पी-टी अपग्रेड’. या दोघांत लोक गोंधळतात. अपडेटने फक्त यादी ताजी होते, कोठारात नवीन काय आलंय ती. अपग्रेडने माल घरी येतो. फायदा असा की ब्राउजर, ऑफिस, कर्नल, सगळ्यांचे अपडेट एकदम, एकाच जागेवरून.

आता न चालणाऱ्या गोष्टी, कारण ‘लिनक्सवर सगळं होतं’ हे खोटं आहे. टॅली मूळ विंडोजसाठीच आहे. फोटोशॉप, ऑटोकॅड नाही. व्हॅलोरंट नाही, त्याचं अँटीचीट चालत नाही. स्टीमवरचे बरेच गेम मात्र प्रोटॉनमुळे चालतात. डिजिटल सहीचे काही यूएसबी टोकन त्रास देतात. वर्डची फाईल लिब्रेऑफिसमध्ये उघडते, पण टेबल सरकू शकतं. सादर करायची असेल तर पीडीएफ करून बघा. ऑनलाइन परीक्षेचं सॉफ्टवेअर फक्त विंडोजवर चालतं का, हे परीक्षेच्या आदल्या रात्री नव्हे, इन्स्टॉल करायच्या आधी विचारा. यातलं एखादं तुमचं रोजचं काम असेल तर ड्युअल बूट ठेवा किंवा सरळ लिनक्सचा नाद सोडा. पोटापाण्याच्या कामापुढे हौस नको.

मराठी टायपिंग? युनिकोड मराठी छान चालतं. कीबोर्डच्या सेटिंगमध्ये मराठी इनस्क्रिप्ट आहे, फोनेटिकही आहे. अडचण जुन्या फाईलींची. श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या फॉन्टमध्ये टाईप केलेलं पत्र उघडलं तर इंग्रजी अक्षरांचा चिवडा दिसतो. तो लिनक्सचा दोष नाही, त्या फाईलीत मुळात मराठी अक्षरं साठवलेलीच नसतात, फॉन्टने केलेला वेष असतो. कन्व्हर्टर वापरून युनिकोडमध्ये आणा.

शेवटी टाइमशिफ्ट. मिंटमध्ये ते आधीपासून असतं, पहिल्याच दिवशी चालू करा. एखादा अपडेट बिघडला तर सिस्टिम कालच्या स्थितीत आणता येते. पण नीट ऐका: टाइमशिफ्ट डिफॉल्टने तुमचं होम फोल्डर धरत नाही. ते इमारतीचा फोटो काढून ठेवतं, तुमच्या फ्लॅटमधल्या सामानाचा नाही. फोटो आणि कागदपत्रांसाठी वेगळा बॅकअप, बाहेरच्या डिस्कवर, महिन्याला एकदा तरी.

लॅपटॉप हाताशी नसेल तर फोनवर टर्मक्स नावाचं ॲप टाका. त्यात पी-डब्ल्यू-डी, एल-एस, सी-डी, सगळं करून बघता येतं. लोकलमध्ये, एसटीत, कुठेही.

पुढच्या भागात पाइप, म्हणजे ती उभी रेघ, आणि कमांडला कमांड जोडणं. प्रश्न पाठवताना स्क्रीनचा तिरका फोटो काढून पाठवू नका, एररची ओळ कॉपी करून पाठवा, आणि सोबत ‘व्हू-ॲम-आय’ आणि ‘पी-डब्ल्यू-डी’चं उत्तर. निम्मे प्रश्न तिथेच सुटतात, मला उत्तर द्यावं लागत नाही. चला, भेटू!